एका ग्रॅमचाही फरक नको

६ मार्च, सकाळी साडेसात
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. ज्यांनी वाचायला हवी त्यांना वाचून कळणार नाही, आणि बाकीच्यांशी माझा संबंध नाही.

निर्णय झाला. गाडीचं इंजिन बदलायचं. सध्या आहे ते तीन सिलिंडरचं. त्याला इंजिन म्हणणं हा माझ्या मनाचा मोठेपणा. कन्येला एक जूनला नोकरीवर हजर व्हायचंय. गाव डोंगरावर, शेवटी अकरा किलोमीटर चढ. मुलाखतीच्या वेळी त्याच चढावर गाडीने मान टाकली होती. बायको आणि कन्या उतरून चालत आल्या, गाडीत मी एकटा. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना वळून बघितलं त्याने. त्या सायकलवाल्याला मी विसरलेलो नाही.

या वेळी कन्येला चार सिलिंडरवर वर पोचवणार. तसा शब्द दिला. बसनेही जाता येतं बाबा, असं म्हणाली. दुर्लक्ष केलं.

६ मार्च, दुपारी
गॅरेजवाल्याकडे जाऊन आलो. याच्या खांद्यावर बारा महिने तेच कळकट फडकं, म्हणून मनातल्या मनात मी त्याला फडकं म्हणतो. म्हणे, इंजिन ठणठणीत आहे, क्लच प्लेट झिजलीय, तुम्ही क्लचवर पाय ठेवून गाडी चालवता. वजनमाप खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो मी. भल्याभल्या व्यापाऱ्यांचे काटे जप्त केले. आता माझा पाय कुठे असतो ते मला फडकं सांगणार.

तीन सिलिंडर म्हणजे तीन पायांचं स्टूल, असं त्याला ऐकवलं. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही साहेब, असं म्हणाला. असल्या माणसाशी काय बोलणार. इंजिन आजच्या आज काढ आणि भंगारात घाल, एवढं सांगून निघालो. बायको मागे थांबून त्याच्याशी काहीतरी बोलत होती. तिला कोणीही चालतं बोलायला.

११ मार्च
अपघात झालेल्या एका गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन मिळालं. टेम्पोतून आणलं. चार माणसांनी उचलून कन्येच्या खोलीत ठेवलं. सुटे भाग तिच्या अभ्यासाच्या टेबलावर राहतील. खोली जूनपासून रिकामीच आहे. बायको म्हणाली, अजून ती त्या खोलीत झोपते. तात्पुरती गैरसोय, असं मी म्हणालो.

वेळापत्रक: ३० मार्चला इंजिन जोडून तयार. १० एप्रिलला गाडीत. पुढचे पन्नास दिवस आराम.

३० मार्च
वेळापत्रकात किरकोळ सुधारणा. इंजिन अजून उघडतोय. एक बोल्ट तुटला. बोल्ट निकृष्ट होता.

४ एप्रिल
संपूर्ण सुटं झालं. नुसतं जोडायचं असतं तर कोणीही जोडेल. फडकंसुद्धा जोडेल. मी बॅलन्स करणार. चारही पिस्टन एका वजनाचे, चारही कनेक्टिंग रॉड एका वजनाचे. एका ग्रॅमचाही फरक नको. मग चालू इंजिनवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि थेंब सांडता कामा नये. ग्लास निवडून ठेवला.

९ एप्रिल
बायकोचा केकचा डिजिटल काटा घेतला. ती घरी ऑर्डरचे केक करते. तिला वजनाची काय गरज, अंदाज आलाच असेल इतक्या वर्षांत. काटा स्वतः तपासून प्रमाणित केला आणि खाली सही करून चिठ्ठी चिकटवली.

कन्या दुपारी शेजारी बसली. तिला समजावून सांगितलं. रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या फिरत्या आसाशी, जोडणारा दांडा. त्याच्या खालच्या टोकाला अर्धगोल कॅप असते, दोन बोल्टांनी बसते. रॉड आणि कॅप मिळून वजन करायचं. मी वजन सांगत होतो, ती लिहीत होती. ५२१, ५२६, ५१८, ५२३. नियम साधा आहे, सगळ्यांत हलका तो प्रमाण, जड असेल त्यातून काढायचं. तिने दोनदा विचारलं आणि मी दोनदा सांगितलं. अक्षर चांगलं आहे तिचं. हे मला आज कळलं.

१० एप्रिल
कन्येने प्रत्येक रॉडला आणि त्याच्या कॅपला एकाच रंगाची लोकर बांधून ठेवली. लाल, निळी, हिरवी, पिवळी. म्हणजे जोड्या चुकणार नाहीत म्हणे. पोरखेळ. तिला बरं वाटतंय तर वाटू दे.

१७ एप्रिल
बायकोचा केक बसला. काट्यावर ग्रीस होतं, असं तिचं म्हणणं. ऑर्डरचे केक ती हल्ली बसने मांडीवर घेऊन जाते, कारण गाडीत इंजिन नाही. काल एका केकवर कोणाचा तरी कोपर उमटला. बसमधली माणसं अशीच असतात.

तिने नवा काटा आणला. जुना आता अधिकृतपणे माझा.

२३ एप्रिल
ऐतिहासिक दिवस. चारही रॉड ५११. रॉड आणि कॅप जुळतात त्या जागी प्रत्येकावर एक उंचवटा होता आणि त्यावर आकडा ठोकलेला. वजनाच्या दृष्टीने निव्वळ चरबी. ग्राइंडरने चारही उंचवटे साफ केले, सगळ्यांत हलक्याचाही, म्हणून प्रमाण ५१८ वरून ५११ वर आलं. लोकर आधीच कापून टाकली होती, लोकरीलाही वजन असतं. मग सगळं सुटं करून एकाच घमेल्यात रॉकेलमध्ये टाकलं. आरशासारखं लखलखीत निघालं.

कन्या घमेल्याकडे बघत राहिली. कौतुकाने, असं मला वाटलं.

२ मे
क्रँक आणि रॉड घेऊन लेथवाल्याकडे गेलो. क्रँकसाठी त्याच्याकडे बॅलन्सिंगचं मशीन आहे, तेवढ्यासाठीच गेलो. त्याने एक रॉड उचलून उलटसुलट केला आणि नंबर कुठे गेले म्हणून विचारलं. काढले, म्हणालो. चष्मा कपाळावर चढवून त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारली आणि हे बघायला ये म्हणाला. शेजारचा आला, त्याने पण बघितलं.

मग लेथवाला शाळेत शिकवल्यासारखा बोलायला लागला. रॉड आणि कॅप कारखान्यात एकत्र कातलेले असतात, एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही, नंबर त्यासाठीच असतो. आता चारही पुन्हा कातावे लागतील, महिनाभराची रांग आहे. धंदा करायची ही पद्धत मला नवी नाही. क्रँक तेवढा बॅलन्स करून घेतला आणि रॉड परत आणले.

३ मे
चार रॉड, चार कॅप. एकूण शक्यता चोवीस. एक बरोबर असणारच. रोज एक तपासायची. चारही बसवून बोल्ट आवळायचे, क्रँक हाताने मोकळा फिरला की झालं. आज सुरुवात केली तर सव्वीसला संपतं. एकतीसला निघायचंय. गणित चोख.

कन्या म्हणाली, चोवीस कशाला, एकेक रॉड घेऊन प्रत्येक कॅप लावून बघा, सोळांतच होईल. घाई, दुसरं काय. ही पिढी पद्धतशीर काम करूच शकत नाही.

४ मे
फिरला नाही.

५ मे
नाही.

९ मे
नाही. ग्लास धुऊन ठेवला.

१४ मे
दोन वेगवेगळ्या दिवशी एकच शक्यता तपासली गेली असावी. वहीत कन्येचं अक्षर दिसत नाही हल्ली. ती सामान भरतेय. मी बोलावलं असतं तर आली असती. बोलावलं नाही, कारण काम माझं आहे.

१९ मे, सकाळी
फिरला. सतरावा दिवस. थोडा जोर लावावा लागला, पण नवं म्हटलं की थोडं घट्ट असतंच. कन्येला दाखवलं. माझ्या सोळा आणि वर एक, सतरा, बाबा, असं म्हणाली. हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

२७ मे
इंजिन पूर्ण जोडलं. फडकंच्या गॅरेजमध्ये स्टँडवर बसवलं. गाडीत घालण्याआधी उद्या तिथेच चालू करणार. बायको आणि कन्येला बोलावलंय. फडकं म्हणाला, ऑइल प्रेशर बघितल्याशिवाय चालू करू नका. त्याला भीती वाटते. अपेक्षितच आहे.

२८ मे, सकाळी दहा
चालू झालं. चाळीस सेकंद. ग्लास काठोकाठ भरलेला होता आणि पाणी हललंसुद्धा नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी याबद्दल बोलणार नाही.

एकेचाळिसाव्या सेकंदाला ठोका. मग दुसरा. मग इंजिनच्या पोटाला भोक पडलं आणि तिसरा रॉड बाहेर आला, तीन तुकड्यांत. बायको आणि फडकं आधीपासून शटरच्या बाहेर उभे होते. कन्या आत होती, माझ्या मागे. कोणाला लागलं नाही.

तुकडे गोळा केले. काट्यावर ठेवले. ५११. वजनात काही चूक नव्हती.

२८ मे, दुपारी
जेवताना बायकोने भाजी वाढली आणि नुसती बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं माझ्याकडे.

२९ मे
बसचं तिकीट काढ म्हणून कन्येला सांगायला गेलो. मला शब्द मागे घ्यावा लागतोय, एवढं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते असं की चार सिलिंडरचे सुटे भाग निकृष्ट मिळतात हल्ली. बाबा, गाडी तयार होतेय, असं ती म्हणाली.

गॅरेजमध्ये गेलो. फडकं माझं जुनं इंजिन गाडीत बसवत होता. भंगारात गेलंच नव्हतं. फळीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं, वर चिठ्ठी. घरातल्या डब्यांवर असते तसली, तेच अक्षर. "हे विकायचं नाही. लागणार आहे." खाली तारीख ६ मार्च.

मी घरी पोचायच्या आत बायकोने ही व्यवस्था करून ठेवली होती. म्हणजे पहिल्याच दिवशी. यावर मला काय वाटलं ते लिहिणार होतो, पण पेन चालत नाहीये.

३० मे
सामान मी लावतो म्हणालो. त्याला कोणी नाही म्हणालं नाही. चार बॅगा. कन्येने हँडलना उरलेली लोकर बांधलीय, लाल, निळी, हिरवी, पिवळी. एकेक बॅग माझ्या जुन्या ताणकाट्याला लटकवून वजन केलं. दोन जोडे काढून दुसऱ्या बॅगेत, पुस्तकं पिवळीतून निळीत. गाडीत डावीकडे एकतीस किलो, उजवीकडे एकतीस किलो. शंभर ग्रॅमचाही फरक नाही. फडकंने दोन्ही बाजूंच्या टायरकडे बघितलं आणि छान लावलंत साहेब, म्हणाला. त्याच्या मताला किंमत नाही, तरी नोंद करतो.

नवीन क्लच प्लेट घातली आहे म्हणे. जुनी मला आणून दाखवली. बघितली. झिजलेली होती.

३१ मे, सकाळी अकरा चाळीस. चढाच्या पायथ्याशी, चहाच्या दुकानात
गाडी बायकोने चालवली. इथे थांबवून तिने पर्समधून फडकंचा कागद काढला. नवी क्लच प्लेट आहे, चढावर सामान आणि दोनच माणसं, तिसरं नको. माणसं तीन होतो. बायको एकसष्ट किलो, कन्या बावन्न, मी चौऱ्याण्णव. जड असेल त्यातून काढायचं, हा नियम माझाच. कोणी सांगायच्या आधी मी उतरलो.

कन्या पण उतरली. मला वाटलं पाया-बिया पडेल, तर ती म्हणाली, बाबा, चाळीस सेकंद पाणी हललं नव्हतं, मी बघत होते. मला काहीतरी म्हणायचं होतं. क्लचवर पाय ठेवू नकोस असं सांगितलं. तिच्याकडे गाडीसुद्धा नाही. हो म्हणाली.

वाईट वाटलं. नोंद असावी म्हणून लिहिलं.

गाडी पहिल्या वळणाआड गेली. आवाज त्यानंतरही बराच वेळ येत होता, वळणावर कमी, मग पुन्हा. कुठे अडखळला नाही. रस्त्यावर एकही सायकलवाला नव्हता. बायको तिला सोडून चारपर्यंत खाली येईल. उभा किती वेळ राहणार, म्हणून चहावाल्याने बसायला स्टूल दिलंय. तीन पायांचं आहे. मी बसून दोनदा हलून बघितलं. डुगडुगत नाही.