कोपरावरची हळद

गिरगाव,
ता. १६ जानेवारी १९५७

सौ. विहीणबाई जाईबाई यांस राधाबाईचा कृ. सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ पोचला असेलच. इकडे पापड-कुरडया झाल्या, मांडवाचंही ठरलं. आमचे होणारे जावई जयवंतराव समितीच्या प्रचारासाठी दिवसरात्र हिंडतात असं ऐकलं. निवडणुकीच्या धामधुमीत लग्नाची तारीख विसरले नाहीत म्हणजे मिळवली!

एक गोष्ट लिहू की नको, असं मनात चाललं आहे. आमच्या सुमेधाच्या चेहऱ्याची कातडी फार नाजूक. दिवाळीत मी घरचंच उटणं लावलं, तर संध्याकाळपर्यंत तोंड सुजून डोळे मिटले. त्यावर मी शहाणीने लिंबू चोळलं, मग तर आगीतून फुफाट्यात. कितीतरी दिवस पोर खिडकीशी आली नाही. म्हणून पदर पसरून विनवते, की तुमच्याकडून नवऱ्या मुलाची उष्टी हळद येईल ती तिच्या पायांना लावू, तोंडाला नको. राग मानू नका. लोभ जडला आहे, तो हळदीपायी उणा होऊ नये एवढंच मागणं.

आपली,
राधाबाई


नायगाव,
ता. १९ जानेवारी १९५७

सौ. राधाबाईंस जाईबाईचा सप्रेम नमस्कार.

खरं सांगते, पत्र वाचून आधी रागच आला. माझ्या मुलाच्या अंगची हळद सुनेच्या तोंडाला चालत नाही म्हणजे काय! आमच्या थोरल्या जाऊबाई सुभद्राबाई तर म्हणाल्या, की असली नाजूक सून आणून देव्हाऱ्यात बसवायची आहे का. त्यांच्यापुढे आमच्याकडे कोणी बोलत नाही. मग चहा घेतला, पत्र पुन्हा वाचलं, आणि डोळे मिटलेली पोर समोर आली.

पण विहीणबाई, उटण्यात जिन्नस ढीगभर. बाधला कोणता ते कळल्याशिवाय हळदीवर आळ का घ्यायचा? रामदासभावजींबरोबर मी कुटलेली हळद, चंदनाचं खोड आणि मसुराचं पीठ धाडते आहे. तोंडाला मुळीच लावू नका. पाण्यात कालवून कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावा, धुऊन टाका आणि दोन-तीन दिवस वाट पाहा. एका वेळी एकच लावा, नाहीतर चोर सापडायचा नाही. खाज सुटली तर नुसतं गार पाणी, लिंबूबिंबू नको. झाडपाल्याचं म्हणून सगळ्यांना मानवतं असं थोडंच आहे? बिब्बाही झाडावरच येतो आणि अंगावर फोड उठवतो.

सुमेधेला आशीर्वाद. राग गेला, माया शिल्लक आहे.

तुमची,
जाईबाई


गिरगाव,
ता. ३० जानेवारी १९५७

ती. सौ. आईंस सुमेधाचा शि. सा. न. वि. वि.

लग्नाआधीच आई म्हटलं, चालेल ना?

मसुराचं पीठ आणि चंदन दोन्ही सोसलं. हळद लावली तिथे मात्र त्याच रात्री पुरळ उठलं, ते अजून गेलेलं नाही. हे फक्त तुम्हाला लिहिते. आईला मी काहीच झालं नाही म्हणून सांगितलं आणि लांब बाह्यांची पोलकी घालून हिंडते आहे. ती बिचारी इतकी खूश झाली, की साऱ्या चाळीला सांगून आली.

सुभद्राकाकू काय म्हणाल्या ते तुमच्या पत्रात वाचलं. माझ्यापायी पहिल्याच दिवशी तुम्हाला घरात बोलणी बसायला नकोत. तेव्हा हळद येऊ द्या, तोंडाला लावून घेईन, सोसेन. फक्त अंतरपाट दूर झाला, की त्यांना मुंडावळ्यांआड सुजलेलं तोंड दिसेल, तेवढीच भीती वाटते.

तुमच्या पायांशी जागा असू द्यावी.

आपली होणारी सून,
सुमेधा


नायगाव,
ता. २६ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. आईस सुमेधाचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखात आहे. घोषणा देऊन देऊन यांचा घसा पार बसला आहे, जेवताना भाजीसुद्धा खुणेने मागतात. घरात एवढी शांतता कधी नव्हती, असं सासूबाई म्हणतात.

त्या दिवशी हळदीच्या वाटीत चंदन पाहून तू गोंधळलीस आणि मी रडले. तुला वाटलं, लेक सासरी जायची म्हणून रडते. तसं नव्हतं गं. माझ्या कोपराला हळदीने पुरळ उठलं होतं आणि मी ते तुझ्यापासून लपवलं. काय रागवायचं ते रागाव. सासूबाईंना मात्र खरं कळवलं होतं आणि हळद येऊ द्या म्हणून लिहिलं होतं. त्यांचं उत्तरच आलं नाही, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते.

इथे काय झालं ते आता कळलं. हे पाटावर बसले तर समोर हळद नाहीच, सासूबाईंनी पहाटे उठून सहाणेवर चंदन उगाळून ठेवलेलं. हळदीचं बोट फक्त कलशाला लावलं. सुभद्राकाकूंनी आकाशपाताळ एक केलं. त्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, की सुनेला नवऱ्याचं उष्टं लावायचं ना, मग सुनेला सोसेल तेच नवऱ्याला लावायचं. या घरात काकूंना असं उत्तर पहिल्यांदाच मिळालं. यांचे मित्र मात्र यांना अजून पांढरा नवरा म्हणून चिडवतात.

आणि गंमत ऐक. सुभद्राकाकू तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हत्या. काल दुपारी लेकीला, चंपाला, घेऊन आल्या. तिचं लग्न वैशाखात आहे. काकू येऊन शेजारी बसल्या. चंपाची बाही वर सारली आणि तिचा कोपर माझ्यापुढे धरला. सासूबाई तोंडाला पदर लावून चुलीकडे वळल्या, आणि मी हळदीचा डबा काढला.

बाबांना नमस्कार. माझ्यावरची माया आता थोडी इकडेही वाटून दे.

तुझी,
सुमेधा