पिंपातली बुळबुळ

३ मार्च
आज रोपवाटिकावाला कोयता घेऊनच आला! आमच्या मासळीच्या टाक्यांचं सांडपाणी त्याच्या विहिरीत झिरपतं, पाण्याला वास मारतो. "एकदा तुमचे मासे उताणे पाडतो, मग कळेल!"
दादा हसला. "पाड की! शेजारी तुलाही जागा ठेवतो."
त्याची तक्रार खोटी नाही. गाळणीचं पिंप मी हट्टाने बसवायला लावलं ते त्यासाठीच. पण भांडणात गप्प राहिले. मी बोलले की दादा म्हणतो, "झालं, बाईसाहेबांची पदवी बोलायला लागली!"
राग शेवटी वहिनीवर निघाला. भिंतीपलीकडे ताट आपटलं, मग थप्पड. ती रडत नाही. मला त्या आवाजाची सवय झाली आहे — हे लिहितानाही लाज वाटते.

४ मार्च
वहिनी विचारते, "वन्सं, पाणी स्वच्छ गेलं तर तो येणार नाही ना?"
म्हटलं, "नाही येणार."

८ मार्च
सगळं संपलं. सकाळी टाकीभर पांढरी पोटं. जिवंत होते ते वर येऊन तोंडं वासत होते.
दादाने लोखंडी पाइप उचलला नि तडक रोपवाटिकेत. मी मागे धावले. पहिलाच फटका रोपवाटिकावाल्याच्या उजव्या मनगटावर — हाड मोडलेलं ऐकू आलं. "आईशप्पथ, मी काही नाही केलं!" दुसरा पाठीवर. तो कुंड्यांवर कोसळला. तिसऱ्यानंतर मी ओरडले, "दादा, पुरे!"
तिसऱ्यानंतर. आधीचे मला हवे होते का?

९ मार्च
पाणी तपासलं. औषधाचे थेंब टाकताच नळी गर्द हिरवी. अमोनिया! विष कुणीच घातलेलं नाही.
पिंप उघडलं. आतल्या प्लॅस्टिकच्या चकत्यांवर तपकिरी बुळबुळ असते. तिच्यातले जिवाणूच माशांच्या घाणीतला अमोनिया संपवतात. ती धरायला महिना-दीड महिना जातो. आज चकत्या पांढऱ्याशुभ्र. ब्लीचिंग पावडरचा भपकारा.
वहिनी मागे उभी. "किती घाण साचली होती, वन्सं! एकेक घासली." मग माझा चेहरा पाहून तिचा उतरला. "ह्यांना सांगू नका. जीव घेतील."
ती बुळबुळ कशासाठी असते हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. माझी पदवी माझ्यापाशीच!

१० मार्च
रोपवाटिकावाला अजून दवाखान्यात. "घरी येऊ दे, दुसराही हात मोडतो," दादा जेवताना म्हणाला. तो बोलतो ते करतो.
खरं सांगितलं तर वहिनी. गप्प बसले तर रोपवाटिकावाला.

११ मार्च
दादाला सांगितलं — चकत्या मी धुतल्या.

१२ मार्च
डाव्या हाताने लिहिते आहे. चौकीत दादाविरुद्धच्या जबाबावर सहीही याच हाताने केली. कागद सरकू नये म्हणून वहिनीने धरून ठेवला होता.