सगळी उत्तरं चुकवण्याची हुशारी

तीर्थरूप एवारिस्तोमामा यांस,

डॅनबरीहून हेनेसिसचा वाकून नमस्कार, आणि आशीर्वाद भरपूर पाठवा, या वेळी लागणार आहेत. तुमची कंबर काय म्हणते? मामीच्या पायाची सूज उतरली का? आम्ही इथे मजेत. (म्हणजे आई मजेत आहे, मी नाही. म्हणून तर फोन न करता लिहितेय. फोनला आईचा कान चिकटलेला असतो.)

आमच्या हायस्कुलातला ग्रासिएलामिसचा वर्ग तुम्हाला ठाऊक आहेच. विज्ञान, इतिहास, सगळं आधी स्पॅनिशमधून समजावतात आणि मग तेच इंग्रजीतून (रागावतात मात्र फक्त स्पॅनिशमधून). या वर्गाला ठरावीक मुलं लागतात. एक जरी कमी पडलं तरी वर्ग बंद आणि मिसना नारळ. यंदा आम्ही अगदी काठावर आहोत, आणि इंग्रजीच्या परीक्षेत जो पास होतो त्याला उचलून नुसत्या इंग्रजी वर्गात बसवतात. पहिल्या वर्षी मी तिथेच होते. तोंड मिटून बसायचे, आणि तिथल्या बाई मला शांत, गुणी मुलगी म्हणायच्या. मामा, मला शांत म्हणणारी बाई मला ओळखत नाही, एवढं तर तुम्हीही मान्य कराल.

तेव्हा सगळ्या वर्गाने नापास व्हायचं ठरवलं. बाकीच्यांनी डोळे मिटून खुणा केल्या. मला असलं अर्धवट काम जमत नाही. मी प्रत्येक प्रश्न नीट वाचला, बरोबर उत्तर शोधलं आणि ते सोडून दुसऱ्यावर खूण केली. एकही उत्तर बरोबर आलं नाही! दुसऱ्याच दिवशी डॉनेलीसरांनी बोलावलं. (परीक्षा तेच बघतात.)

"डोळे मिटून लिहिलं तरी चार-दोन बरोबर येतात," ते म्हणाले. "हे तुला तुमच्या मिसनी शिकवलं ना?"

मामा, माझं डोकंच फिरलं. मिस बिचाऱ्या रोज इंग्रजी बोला, इंग्रजी बोला म्हणून आमच्या मागे लागतात, आणि हा माणूस त्यांच्यावर आळ घेतो! मी त्याला असा काही झाडला की बाहेरची कारकून बाई दार उघडून बघायला आली. सर गालाला हात लावून शांतपणे ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "एवढं इंग्रजी मलाही एका दमात येत नाही. अभिनंदन." म्हणजे भांडण मी इंग्रजीतून केलं होतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आईने इंग्रजी पास झाल्याचं माझं सर्टिफिकेट फ्रिजवर लावलं आणि अख्ख्या बिल्डिंगला जेवायला बोलावलं. मिसनी मला जवळ घेतलं. "शाबास गं गाढवा," म्हणाल्या, "पोटावर पाय आणलास माझ्या," आणि हसता हसता रडल्या. मला फार वाईट वाटलं, मामा. अजून वाटतंय.

मामीला नमस्कार.

तुमची (पास झालेली) भाची,
हेनेसिस

ता. क. : खरं काम राहिलंच. आपल्या गावाहून, क्वेन्काहून, नुकताच आलेला तुमचा मुलगा वॉशिंग्टन आमच्याकडे शिकायला ठेवायचं तुम्ही म्हणाला होतात, आणि तो तिघांचं जेवतो म्हणून आई नको म्हणाली होती. आता तिला मी पटवलंय. रविवारच्या बसने त्याला पाठवा. सोमवारी वर्गात डोकी मोजणार आहेत.

ता. क. २ : तोवर त्याला टीव्ही बघू देऊ नका, चार शब्द शिकायचा मेला. परीक्षेचं मात्र त्याला काहीही सांगू नका. मनापासून लिही, एवढंच म्हणा.