दुसऱ्या धाग्याचं टोक

प्रिय सूनबाई,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या सासूबाईंचा गुडघा आहे तसाच आहे, आणि तोंडही. फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज फुटत नाही हे तुला ठाऊक आहे. तिकडे डोंगरावर थंडी असेल. स्वेटर घालतेस ना? दुर्बिणीला डोळा लावण्याआधी सूर्य नीट झाकलाय ना, बघत जा. हसू नकोस. डोळा कुणी लावत नाही, सगळं कॉम्प्युटरवर दिसतं, हे तू दहा वेळा सांगितलंयस. तरी बघत जा.

परवा तुझा फोन झाल्यावर ही घासलेलीच भांडी पुन्हा विसळत राहिली. मग म्हणाली, तुमच्या सुनेनं तिच्याबरोबर काम करणाऱ्या त्या दुर्बिणवाल्याला लग्नाला नाही म्हणून सांगितलं. म्हणते, तुम्हा दोघांना टाकून मी दुसरं घर कुठं मांडू? मी चष्मा पुसत बसलो.

आपला पोरगा जाऊन तिसरं वर्ष चालू आहे. त्याचा निळा शर्ट अजून माझ्या मशीनवर पडलाय, झिजलेली कॉलर उलटून द्यायची होती. मी चौथी शिकलेला शिंपी, तुमचं शास्त्र मला काय कळणार. पण तो कापायच्या टेबलावर चढून बसायचा आणि सांगत सुटायचा. सूर्याचं अंग म्हणे सहा हजार अंशांनी तापलेलं, आणि त्याच्याभोवतीची विरळ हवा दहा लाखांच्याही वर. मी म्हटलं, शेगडीपासून लांब गेल्यावर जास्त भाजतं होय रे? तर म्हणाला, बाबा, हेच तर कोडं आहे, यावरच तुमच्या सुनेचा आणि माझा पगार चालतो.

मग त्यानं माझ्याच रिळांतून दोन धागे काढले, एक पांढरा, एक काळा. सूर्यातून चुंबकाच्या न दिसणाऱ्या रेषा निघतात, त्या पिळल्या जातात, ताणल्या जातात. उलट्या दिशेच्या दोन रेषा एकमेकींना भिडल्या की तुटतात. त्यानं धागे तोडून दाखवले, तशी मी लगेच पांढऱ्याला पांढरं टोक बांधायला घेतलं. शिंप्याच्या हाताला दुसरं सुचतच नाही. त्यानं माझा हात धरला. तिथं तसं होत नाही बाबा, म्हणाला. तुटलेलं टोक समोरच्या रेषेला जुळतं आणि झटक्यानं मोकळं होतं. ताणात अडकून पडलेली शक्ती तेव्हा बाहेर पडते. ती हवा त्यानंच तापत असावी, पण अजून पुरतं ठरलेलं नाही. मला मुळीच पटलं नाही. पांढऱ्याला काळं जोडलेलं कापड घेणार कोण, म्हणून मी त्याच्यावरच डाफरलो.

आता का लिहितोय ते सांगतो. तू नाही म्हणालीस हे ऐकून मला बरं वाटलं. चष्मा पुसताना आत हायसं वाटत होतं, की चला, तू परतलीस की संध्याकाळी दारात तुझ्या चपला वाजतील, गोळ्या घेतल्या का म्हणून कुणीतरी रागावेल. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच मला भीती वाटली. आम्ही तुला धरून ठेवलंय, पोरी. मायेनं का होईना, पण धरूनच. हिला तसं म्हटलं, तर म्हणाली, एवढं कळायला तुम्हाला इतके दिवस लागले? तेव्हा आमच्यासाठी नाही म्हणू नकोस. मनात असेल तर हो म्हण. तू परत येशील तेव्हा तो दुर्बिणवाला नेहमीसारखा तुला फाटकाशी सोडून तिथूनच वळेल. त्याला वर घेऊन ये. बोलायचं काम ही करेल. मला बहुतेक रडू येईल. आलंच, तर त्याला सांग, म्हाताऱ्याचे डोळे अधू आहेत, उजेडानं पाणी येतं.

तुझाच,
बाबा