रेवाचे दुसरे हात

झाशी, मार्गशीर्षातली एक धुक्याची दुपार

प्रिय देविका,

दिवाळीच्या पार्सलातून तू जे दोन मग पाठवलेस, त्यांच्याविरुद्ध ही रीतसर तक्रार समज. चहाला पात्र लागतं आणि उपपात्रही लागतं, याबद्दल आपल्या घराण्यात आजवर मतभेद नव्हता. आजोबा बशीत ओतून प्यायचे, बाबा प्यायचे, मीही पितो. ज्यात फुंकर मारायला जागा नाही त्या भांड्यातून माणसानं प्यायचा तो काढा. तुझा मग म्हणजे कान फुटलेला गडू आहे. त्यावर तो इंग्रजीत असंही जाहीर करतो की मी जगातला सर्वोत्तम भाऊ आहे. अशा विधानाला प्रमाण लागतं. साक्षीदार तू एकटीच, आणि तीही पुण्यात. दुसरा, दोन कानांचा, तुझ्या भाचीनं, रेवानं ताब्यात घेतलाय. दोन्ही हातांनी धरून ती तो एखाद्या महंतासारखी तोंडाला लावते आणि निम्मं दूध स्वेटरला पाजते. तेव्हा तुझं दान अर्धं सुपात्री पडलं म्हणायचं.

हे सगळं फोनवर का नाही, असं तू विचारशील. रविवारी तुझा फोन आला की रेवा तो स्पीकरवर लावायला लावते, हे तुला ठाऊक आहे. तिची जीभ सावकाश चालते, पण कान फार तेज आहेत. ‘मजेत आहोत’ याच्या पलीकडचं काही त्या फोनवर बोलता येत नाही. आज ती शाळेत आहे, मला कॉलेजला सुट्टी आहे, आणि बाहेर धुकं इतकं की समोरच्या घराची गच्ची दिसत नाही. म्हणून कागद.

तिच्या नाचाच्या वर्गाबद्दल तू नेहमी विचारतेस आणि मी नेहमी ‘छान चाललाय’ म्हणतो. आता सविस्तर ऐक. इलाइट चौराह्याजवळ एका पडद्यांच्या दुकानाच्या वर मोठा हॉल आहे, तिथे मंगळवारी आणि शनिवारी दुर्गाजी शिकवतात. कथक शिकलेल्या बाई. आता फक्त सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना घेतात. व्यायामाचे डॉक्टर निराळे, ते रेवाचे पाय ताणतात आणि ती त्यांना मनोमन शाप देते. इथे कोणी काही ताणत नाही. मूल पुढे, त्याला मागून धरून त्याचं माणूस बसतं. मुलाचा हात ज्या बाजूला निघेल तिकडे आपला हात त्याच्याखाली न्यायचा. ओढायचं नाही, फक्त सोबत जायचं. तबला नाही, कारण अचानक थाप पडली की ही मुलं दचकतात आणि अंग आवळून घेतात. दुर्गाजी हळू आवाजात गातात आणि मूल जिथे अडेल तिथे तो सूर धरून थांबतात. रेवाची उजवी मूठ, जी तिची आई शारदा कोमट तेल लावून लावून थकली तरी उघडली नाही, ती तिथे उघडते. पूर्ण नाही, पण कळी उमलायचा विचार करते आहे इतपत नक्की.

एकदा दुर्गाजींचा घसा बसला होता. म्हणाल्या, सर, आज आप कुछ गा दीजिए. मला गाता येत नाही, हे तू शेजाऱ्यांच्या साक्षीनं सिद्ध केलेलं आहेस. मला सुरात येणारी गोष्ट एकच. मी ‘रामः रामौ रामाः’ सुरू केलं. आणि मुलं खरंच डोलू लागली. मला इतका चेव आला की मी घोड्यावर बसल्यासारखा सप्तमी गाठून संबोधनाकडे निघालो. दुर्गाजींनी हात वर केला. सर, आप किसको सुना रहे हैं? बच्ची अभी पहले शब्द पर है. खाली पाहिलं तर रेवाचा हात नुकता मांडीवरून निघाला होता. इतकी वर्षं पोरांना शब्दरूपं घोकायला लावणाऱ्या मास्तराला ‘रामः’ म्हणून थांबणं किती जड जातं, ते तुला सांगून कळणार नाही. पण थांबलो. आता कधीकधी अख्ख्या तासात आमची जेमतेम तृतीया होते. टहरौलीहून जयसिंग नावाच्या मुलाला घेऊन त्याची आई येते, तिनं परवा हात जोडले. पंडिज्जी, जो मंतर हमें सोई लिख दो, हमाओ मौड़ा ईपे हाथ उठात है. म्हणजे हा मंत्र मलाही लिहून द्या, माझं पोर यावर हात उचलतं. मी म्हटलं, बाई, हा मंत्र नव्हे, व्याकरण आहे. ती म्हणाली, होगा, काम तो कर रओ. पाणिनीला याहून चांगलं प्रशस्तिपत्र मिळालं नसेल. लिहून दिलं.

आता अडचणीचं. वसंत पंचमीला मुलांचा कार्यक्रम आहे आणि दुर्गाजींचा एक नियम आहे. नाच निम्म्यावर आला की मुलानं एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचं. म्हणून प्रत्येक मुलाची दोन माणसं हवीत, आणि त्या दुसऱ्या माणसानं आधीपासून वर्गाला यायचं, मुलाच्या अंगाला आपली सवय होऊ द्यायची. मी विचारलं, एकानं भागणार नाही का? त्या म्हणाल्या, सर, एक ही हाथ पहचाने, तो बच्ची ने नाचना नहीं सीखा, पापा को पकड़ना सीखा. जयसिंगला आई आहे, आजी आहे, शिवाय एक मामी आहे जी त्याला धरताना स्वतःच नाचते. रेवाचं दुसरं माणूस कोण, या प्रश्नावर मी बरेच दिवस चेष्टा करून वेळ काढला.

मग शशिकलाताईंना नेलं. आपल्या जुन्या मराठी घरांपैकी आता आमच्या गल्लीत त्या आणि आम्ही. बाकीचे मुलांमागे इंदूर, पुणे, बंगळुरू. गणेशोत्सवात यंदा आरतीला माणसं कमी आणि निवेदन हिंदीत, असा प्रकार होता. शशिकलाताई मायेच्या, रेवा त्यांच्याशी तासभर गप्पा मारते. पण त्यांनी मागून धरताच पोरीचं अंग फळीसारखं ताठ झालं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले. ताई घाबरून रडकुंडीला आल्या. रेवाच त्यांना सॉरी, सॉरी म्हणत राहिली. परत येताना ऑटोत मला म्हणाली, बाबा, मैंने नहीं किया. पैर ने किया. मी म्हटलं, मला माहीत आहे गं. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, असा आमचा संसार. रात्री ती झोपली की घरात मराठी संपते. देविका, परवा मी भाजीला मीठ कमी पडल्याबद्दल शारदाच्या फोटोशी भांडलो. तिनं नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही, आणि नेहमीप्रमाणे बरोबर तीच होती.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी रेवाला धरून बसलो होतो. तिची मूठ माझ्या उजव्या तळव्यावर होती आणि थरथरत होती. मी दुर्गाजींना म्हटलं, आज हिला थंडी वाजतेय. त्यांनी गाणं थांबवलं, रेवाची मूठ अलगद उचलून तिच्याच मांडीवर ठेवली. मूठ शांत होती. माझा तळवा तसाच हवेत हलत राहिला. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, सर, रेवा नहीं काँप रही थी.

ग्वाल्हेरला जाऊन दाखवून आलो. कंपवात आहे. परदेशी नावापेक्षा आपलं नाव बरं, कानाला तरी गोड. सुरुवात आहे, गोळ्या आहेत, वर्षानुवर्षं नीट जातात असं डॉक्टर म्हणाले, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. रेवाला सांगितलेलं नाही. सकाळी चहा घेताना कप बशीवर वाजतो, तेव्हा ती मान डोलावते. बाबा, ताल. तिला वाटतं मी मुद्दाम वाजवतो, आणि मी तसं वाटू देतो. तुझ्या मगला बशी नाही, त्यामुळे तो वाजत नाही. सबब वरील तक्रार मी मागे घेतो आहे.

शारदाच्या तेराव्यानंतर तू राहिली होतीस, आठवतं? रेवा दुपारभर तुझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती आणि तिचे पाय सैल सुटले होते. तुझ्या लक्षात आलं नसेल; माझ्या आलं होतं. तुझी नोकरी आहे, घर आहे, हे मला समजतं. तरी ये. दोन दिवसांची पाहुणी म्हणून नको. तिच्या अंगाला तुझे हात ओळखीचे होईपर्यंत राहा, आणि मग येत राहा. वसंत पंचमी हे मी पुढे केलेलं निमित्त आहे. कंपवाताचं मला फारसं भय नाही. खडू पकडता आला नाही तर तोंडी शिकवीन. पण रेवाचं अंग या जगात फक्त माझ्या हातांना ओळखतं, आणि ते हात बदलत चाललेत. एक दिवस मी तिला मागून धरीन आणि ती परक्याच्या हातात असल्यासारखी ताठ होईल. त्या दिवशी तिला सोपवायला माझ्याजवळ दुसरं कोणी नसेल, याची मला भीती वाटते.

तुझाच,
हृषीदादा