पहिला पॉइंट आधी कोणाचा

तोलुका, ८ फेब्रुवारी
अठरा पूर्ण झाली. ज्युनियर टेनिस संपलं, आता व्यावसायिक. गेल्या वर्षीचा राज्य ज्युनियर विजेता मी. उपविजेता ब्रुनो अर्रिआगा. लिहून ठेवलेलं बरं, लोक विसरतात. मार्चमध्ये मासात्लानची स्पर्धा. जागतिक क्रमवारीतला पहिला पॉइंट तिथेच घ्यायचा. ब्रुनोच्या आधी. तसा ब्रुनोचा इथे काही संबंध नाही.
संकल्प: पहाटे धावणे. चोरिसो सॉसेज बंद. मत्सर हा दुबळ्यांचा आजार. त्याला उंबरठ्यावरच रोखणे.

९ फेब्रुवारी
पहाटे फार थंडी. डोंगराच्या इतक्या वर शहर वसवणाऱ्यांनी खेळाडूंचा विचार केलेला दिसत नाही. आईनं हिरवा चोरिसो परतला होता. आईचं मन मोडणं हा संकल्प मोडण्याहून मोठा गुन्हा.

१४ फेब्रुवारी
ब्रुनो मासात्लानला गेलासुद्धा! तिथे मावशी आहे म्हणे. आमचे कोच प्रोफे चावा म्हणाले, "लेआंद्रो, तूही जा. इथल्या विरळ हवेत चेंडू उडतो. खाली समुद्रावर तो जड होतो. सवय व्हायला वेळ लागतो." मी म्हणालो, "प्रोफे, जो डोंगरावर धावतो तो सपाटीवर उडतो. इतिहास साक्षी आहे!" "कुठला इतिहास रे?" उत्तर होतं, पण त्यांच्या वयाचा मान राखला. मावशीकडे बसून कोळंबी खाणं याला तयारी म्हणत असतील, तर नमस्कार.

२० फेब्रुवारी
ब्रुनोनं समुद्रावरचा फोटो टाकला. आईनं लाइक केलं. जाब विचारला तर म्हणते, "लहानपणी माझ्याच हातचं जेवायचा तो. बघ, किती वाळलाय." मीही वाळलोय. मला कोण बघतंय?
फोटो मोठा करून पाहताना माझ्याकडूनही लाइक पडलं. काढलं. मग परत दिलं. नाहीतर त्याला वाटायचं मी जळतो.

२ मार्च
आज सर्व्हिस अशी सुटली की कोर्टामागचं कुंपण थरथरलं. प्रोफे म्हणाले, "तिथे पोचलास की रॅकेटच्या स्ट्रिंग्ज सैल करून घे. घट्ट लागतात त्या इथे, उडणारा चेंडू आवरायला. ब्रुनोनंही तसंच केलंय." ब्रुनोनं केलंय? मग तर मुळीच नाही. माणसानं तत्त्वावर ताठ राहावं. रॅकेटनंही.

मासात्लान, ९ मार्च
ब्रुनो बसस्टँडवर हजर. "काय रे बैला! स्ट्रिंग्ज सैल केल्यास ना?" हो म्हणालो. माझी बॅगही त्यानंच उचलली. आपण किती मोठ्या मनाचे ते चार लोकांना दिसावं म्हणून.

१० मार्च, दुपार
पात्रता फेरीत पहिलाच सामना. १-६, २-६. समोर एक टक्कलवाले गृहस्थ, क्लबात पोरांना शिकवतात. माझे चेंडू जाळ्यात. सगळेच. कारणं: दमट हवा. पंच. समुद्रपक्ष्यांचा गोंगाट. हात मिळवताना गृहस्थ म्हणाले, "डोंगरावरून आलास ना, पोरा? स्ट्रिंग्ज फार घट्ट आहेत तुझ्या." परक्याच्या रॅकेटमध्ये बोटं घालायची ही कुठली रीत!
ब्रुनो जिंकला. समोरचा फारच लेचापेचा असणार. मी पाहिलं नाही.

११ मार्च
ब्रुनोच्या डबल्सच्या जोडीदाराचा पाय मुरगळला. ब्रुनो पळत आला. "चल, आपली जुनी जोडी! थेट मुख्य फेरी. पॉइंट यातही असतात." मी बाणेदारपणे म्हणालो, "मला दान नको." "दान कसलं रे, जोडीदार हवाय!" मी त्याला ऐकवलं: एकट्यानं लढतो तोच खरा वीर, डबल्स ही पराक्रमातली भागीदारी! चांगलं रंगलं होतं. मध्येच म्हणाला, "बरं, नको तर नको," आणि टक्कलवाल्यांना विचारायला गेला. टक्कलवाले धावत आले. या वयात शोभत नाही.

१४ मार्च
ब्रुनोनं मुख्य फेरीतला सामना जिंकला. पॉइंट त्याचा. डबल्समध्येही दोघे अंतिम फेरीत. टक्कलवाले रडले. मी टाळ्या वाजवल्या. चुका झाल्या तेव्हा. दोन्ही बाजूंच्या, म्हणजे निःपक्षपातीपणे.

तोलुका, २२ मार्च
ब्रुनोच्या घरी जेवण. सारी गल्ली लोटली होती. त्याची आई म्हणाली, "लेआंद्रो, तू तिथे होतास. सांग ना सगळ्यांना, कसा जिंकला तो. तुझ्यासारखं बोलणं कोणाला जमतं?" नाही म्हणणार होतो. पण व्यासपीठ म्हणजे व्यासपीठ. खुर्चीवर चढलो. न पाहिलेले फटकेही वर्णन केले. ब्रुनोला वाघ म्हणालो, वादळ म्हणालो. बायका डोळे पुसत होत्या. ब्रुनोनं मिठी मारली. मीही रडलो, पण माझं कारण वेगळं होतं.
खाली उतरलो तर साकातेकासहून आलेल्या त्याच्या चुलत आजीनं माझा हात धरला. "किती सुंदर बोललास, बाळा! तूही खेळतोस का टेनिस?"
सध्या गुडघा दुखतोय, म्हणालो.
कोणता, ते उद्या सकाळपर्यंत ठरवायला हवं.