गारपिटीत मारुतीची पायरी

४ मार्च १९६५
थंडी परत आली. होळी तोंडावर आणि पोरं वर्गात कुडकुडत बसलेली. पाटलांच्या रेडिओवर सांगितलं म्हणे, तिकडे वर पहाडांत अवेळी बर्फ पडतोय, वारा आपल्याकडे उतरेल. गहू उभा आहे, हरभरा खळ्यावर. जो तो आभाळाकडे बघतो.
शाळेच्या छपराचं पश्चिमेकडचं एक टिन खडखडतं. हेडमास्तरांना दाखवलं. म्हणाले, वर कळवलं आहे.

६ मार्च
हजेरी निम्मी. पोरं शेतात, जमेल तेवढं घरात आणायची घाई. चौथीतली सुमन मात्र आली. लक्ष्मणची पोर. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आमच्या वस्तीत सगळ्यात आधी घरातले देव नाल्यात सोडले ते लक्ष्मणनं. कामासाठी महागावला चाललाय, जाताना शाळेत डोकावला. माझ्यासमोरच पोरीला पुन्हा बजावलं. मारुतीच्या पारावर खेळायचं नाही, प्रसाद घ्यायचा नाही, पायरी चढायची नाही. ती मान डोलवत राहिली.
आधी गावातले आपल्याला चढू देत नव्हते. आता आपण चढत नाही. या दोन्हींतला फरक पोरांना समजावून सांगायला हवा. जमेल तेव्हा.

८ मार्च
वारा एकदम पडला. उकाडा, श्वास कोंडणारा. गोठ्यांतले बैल दाव्याला हिसके देतायत. पश्चिमेला जांभळट ढग, हलत नाहीत. हेडमास्तर मीटिंगला उमरखेडला गेले, शाळा माझ्या एकट्यावर. उद्या सुट्टी द्यावी असं वाटतं, पण तो अधिकार माझा नाही.

१० मार्च, उमरखेड, दवाखान्याच्या व्हरांड्यात
आजच लिहून ठेवतो. नाहीतर उद्या वेगळंच आठवेल.
काल दुपारी, मधल्या सुट्टीनंतर. आधी धूळ, मग अंधार. खडखडणारं टिन गेलं, त्यामागून आणखी दोन, कागदासारखी. भिंत हलली. पोरं किंचाळली. गावात त्या बाजूला पक्कं दगडी असं एकच, मैदानापलीकडचं मारुतीचं देऊळ. तिकडे पळा म्हणून ओरडलो.
गावातली पोरं थेट आत. आमच्या वस्तीतली पायरीशी थांबली. सगळी माझ्याकडे बघत. पाऊस आडवा मारत होता. दारात किसन गुरव उभा, पूजेचा माणूस. त्याने पोरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तो बाजूला झाला.
"मास्तर, पाहून काय राह्यले? लेकरं घ्या ना आत."
मी आधी चढलो. जन्मात पहिल्यांदा. काय वाटलं ते आत्ता लिहीत नाही. पोरं मागोमाग आली.
सुमन नाही आली. पायरीच्या बाजूच्या कडुनिंबाखाली उभी, पाटी डोक्यावर धरून. मी हाका मारल्या. ती म्हणाली, "बाबानं नाही म्हटलं, गुरुजी."
तेवढ्यात गारा. आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या, मग त्याहून मोठ्या. मी उतरलो तोवर ती खाली पडली होती, पाटीचे तुकडे झालेले. उचलून आत आणली, सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ठेवली, तेवढाच कोपरा कोरडा. कानामागून रक्त. किसननं अंगावरचं उपरणं फाडून बांधलं. देवापुढच्या तांब्यातलं पाणी तिच्या ओठांना लावलं.
नाल्याला पूर. रात्रभर गाडी निघेना. आज सकाळी फुलसावंगीपर्यंत बैलगाडी, तिथून एस.टी. सुमनची आई सबंध वाटेनं तिचं डोकं मांडीवर घेऊन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गहू आडवा, झाडांखाली मेलेली पाखरं, ओंजळी-ओंजळीनं.
डॉक्टर म्हणतात, वाट पाहा.

१२ मार्च
लक्ष्मण आला. महागावहून गावात, गावातून इथं, बराचसा पायी. चिखलाने माखलेला. पोरीकडे बघत उभा राहिला. मग मला बाहेर घेऊन आला.
"थे आत गेलती का गुरुजी?"
म्हटलं, स्वतःहून नाही. मी उचलून नेली.
तो व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसला. म्हणाला, "बरं केलं." आणि मग, खाली बघत, "मले वाटलं, तिले माह्या शब्दाचं भेव नाही. खेळण्याच्या नादात थे इसरून जाईन."
मी त्याच्या शेजारी बसलो.
गावातली खबर त्यानेच दिली. देऊळ बाटलं म्हणून धुवायचं ठरलंय. किसननं पाणी भरायला नकार दिला, तर त्याची पूजा काढून घेणार म्हणतात. आमच्या वस्तीतही दोन तट. काहींचं म्हणणं, मास्तर चढला तर पोरांना काय सांगायचं. माझ्यासाठी वस्तीत बैठक बोलावली आहे. हेडमास्तरांचा निरोप, बदलीसाठी अर्ज कर, सगळ्यांच्याच सोयीचं होईल.

१४ मार्च
आज दुपारी सुमननं डोळे उघडले. लक्ष्मणच्या हातून पाणी प्यायली. आईला ओळखलं. डाव्या बाजूने हाक मारली तर वळत नाही. डॉक्टर म्हणतात, ऐकू येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही.
लक्ष्मणनं मला दारातच धरलं. "तिले आत नेलतं, हे तिले नका सांगू. सध्या तरी." मी म्हटलं, सगळी शाळा तिथं होती, कोण ना कोण सांगेल. तो म्हणाला, "मग मीच सांगीन." पण गेला चहा आणायला, आणि बराच वेळ आला नाही.
मी तिच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसलो. उद्या सकाळच्या एस.टी.ने परत जायचं, संध्याकाळी बैठक. अर्ज लिहिलेला नाही.
ती माझ्याकडे एकटक बघत होती. मधेच कपाळावर आठी, काहीतरी जुळवतेय अशी. ओठ हलले, पुन्हा मिटले.
पडल्यावर तिला कुठे नेलं, ते अजून विचारलं नाही तिने. विचारील.